तळघराची आग आणि वरची जमीन: अग्निशमन दलात नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

घरातल्या बहुतेक आगींत जवान आगीच्या पातळीवरूनच आगीकडे जातो. तळघराच्या आगीत मात्र घरात पाऊल टाकताच तो आगीच्या माथ्यावर उभा असतो आणि ज्या जमिनीवर तो उभा आहे तीच खालून जळत असते. वरच्या खोलीत ज्वाळा दिसत नाहीत, धूर असतो पण असह्य वाटेल असा नसतो, फरशी हाताला जेमतेम कोमट लागते, आणि त्यामुळे ‘आत जाता येईल’ असा निष्कर्ष काढला जातो. या लेखातील सर्व पायऱ्या तो निष्कर्ष घाईने काढला जाऊ नये यासाठी आहेत. तळघर पेटलेले असताना त्यावरच्या जमिनीची ताकद वरून पाहून, चाचपून किंवा ठोकून खात्रीने कळत नाही. म्हणून शक्य असेल तेथे आगीच्या पातळीवरून, बाहेरून, आधी पाणी मारावे आणि मगच वरच्या जमिनीचा विचार करावा, हे त्यामागचे मुख्य सूत्र आहे. दलाचे स्थायी आदेश आणि घटनास्थळावरील अधिकाऱ्याची आज्ञा यांना हा लेख पर्याय नाही; त्या आज्ञेमागचे कारण समजावे एवढाच त्याचा हेतू आहे.

१. आगीची वर्दी (खबर) येण्यापूर्वी: आपल्या भागातील जमिनी ओळखाव्यात

कोल्हापुरात ‘तळघर’ हा एकच शब्द अनेक प्रकारच्या बांधकामांना लावला जातो आणि प्रत्येकाची कोसळण्याची रीत निराळी आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, गुजरी आणि महाद्वार रोड या परिसरांतील जुन्या वाड्यांत तळघरावर लाकडी तुळया, त्यांवर कड्या (तुळयांवर आडवी टाकलेली बारीक लाकडे), कड्यांवर फळ्यांची पाटणी, त्यावर मातीचा भराव आणि सर्वांत वर शहाबादी फरशी किंवा सारवलेली जमीन अशी रचना आढळते. नव्या जवानाचा सर्वाधिक गैरसमज याच रचनेबद्दल होतो, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

लाकूड पेटल्यावर त्याचा पृष्ठभाग कोळसा होत आत सरकतो. लाकडाच्या जातीनुसार आणि घनतेनुसार हा वेग साधारणपणे मिनिटाला ०.५ ते ०.८ मिलिमीटर असतो. सागवानाची सहा-आठ इंची तुळई वीस मिनिटांच्या आगीत प्रत्येक उघड्या बाजूने एक-दीड सेंटिमीटर झिजते आणि तरीही तिच्या पोटात बरेच निरोगी लाकूड शिल्लक राहते. त्यामुळे ‘जुने सागवान आहे, टिकेल’ हे विधान तुळईपुरते पुष्कळदा खरे ठरते. परंतु जवानाचा पाय तुळईवर नसतो, तो दोन कड्यांमधल्या एक इंची फळीवर असतो. ती फळी पूर्ण जळण्याची वाट पाहावी लागत नाही. निम्मी जाडी गेली की वरच्या भरावासह ती खाली बसू शकते. दुसरी कमकुवत जागा म्हणजे तुळईचे भिंतीत गेलेले टोक. पावसाळ्यात भिंतीतून मुरणाऱ्या ओलीमुळे हे टोक कुजलेले असण्याची शक्यता नेहमी गृहीत धरावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील पंचगंगेच्या महापुरात जी घरे अनेक दिवस पाण्यात होती, त्यांच्या तळघरांबाबत हा संशय अधिक घ्यावा. सुतारवाडा, शाहूपुरीतील कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरचा परिसर येथील जुन्या घरांना भेट देताना ‘पाणी कुठपर्यंत आले होते’ हा प्रश्न आवर्जून विचारावा.

मातीचा भराव दोन प्रकारे फसवतो. एक म्हणजे तो उष्णता अडवतो. खाली छत पेटलेले असताना वर फरशी गार राहते आणि थर्मल कॅमेराही विशेष काही दाखवत नाही. दुसरे म्हणजे त्याचे वजन. सहा इंच जाडीचा कोरडा भराव चौरस मीटरला सुमारे २४० किलो भरतो. म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या खोलीत माणूस, सामान आणि फरशी यांची गणती करण्यापूर्वीच अडीच टनांहून अधिक भार तुळयांवर असतो. आगीवर मारलेले पाणी या मातीत मुरते तेव्हा तो आणखी वाढतो.

दुसरा प्रकार लोखंडी गर्डरांवर किंवा जुन्या रुळांवर शहाबादी लाद्या टाकून केलेल्या जमिनींचा. लोखंड जळत नाही, पण सुमारे ५५० अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद ढोबळमानाने निम्म्यावर येते आणि पेटलेल्या बंद तळघराच्या छताजवळ हे तापमान गाठले जाणे मुळीच दुर्मीळ नाही. शिवाय तापलेले पोलाद लांबते. पाच मीटरचा गर्डर ५०० अंशांनी तापला तर सुमारे ३० मिलिमीटर वाढतो आणि ज्या भिंतीवर तो टेकला आहे तिला बाहेर ढकलतो. भिंतीला गर्डरच्या टोकाशी उभी किंवा तिरकी भेग दिसली तर ती नुसती गिलाव्याची भेग समजू नये. वरच्या लाद्या दगडी असल्यामुळे वाकत नाहीत, तडकतात. एक लादी सुटली की तिच्यावरचा माणूस थेट खाली जातो.

तिसरा प्रकार सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबचा. राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क येथील बंगले आणि अपार्टमेंट यांच्या तळघरांवर तोच असतो. चांगला स्लॅब पुष्कळ वेळ टिकतो, आणि म्हणूनच येथे धोक्याची जाणीव उशिरा होते. काँक्रीटमधील ओलावा वाफ होऊन बाहेर पडू लागला की खालच्या बाजूचे पापुद्रे, कधी आवाजासह, उडतात आणि सळया उघड्या पडतात. त्यानंतर पोलादाचे वर सांगितलेले गणित लागू होते. सळया आधीच गंजलेल्या असतील तर हे लवकर घडते.

चौथा प्रकार मला स्वतःला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण तो बाहेरून ओळखता येत नाही. जुने घर दुरुस्त करताना लाकडी पाटणी काढून चौकोनी लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर प्लायवूड आणि त्यावर टाइल्स बसवल्या जातात, किंवा तळघरातच पोटमाळा काढून त्यावर माल रचला जातो. पातळ पाइप काही मिनिटांत मऊ पडतो. हलक्या जमिनी किती लवकर जातात याचा अंदाज अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेच्या भट्टीतील चाचण्यांवरून येतो. खालून संरक्षण नसलेली, अखंड लाकडी कड्यांची जमीन सुमारे १८ मिनिटांत कोसळली, तर इंग्रजी आय अक्षराच्या आकाराच्या, कारखान्यात तयार केलेल्या हलक्या कड्यांची जमीन सुमारे ६ मिनिटांत. आपल्याकडील बांधकाम वेगळे असल्याने हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. मात्र आग सुरू झाल्यापासून गाडी गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंतच सहा मिनिटे उलटून जाऊ शकतात, हे ध्यानात ठेवावे.

पेठांतून फिरताना जुन्या वाड्यांतील पेव आणि बळद यांचीही चौकशी करावी. फरशीखाली झाकलेल्या अशा धान्यसाठ्याच्या जागा घरमालकालाही कधी ठाऊक नसतात आणि अंधारात त्यांचे झाकण पायाखाली सरकल्यास तळघर नसलेल्या घरातही जवान खाली पडू शकतो.

२. तळघरात काय भरले आहे याचा अंदाज घ्यावा

घरगुती तळघर क्वचितच रिकामे असते. चप्पल व्यवसायातील कुटुंबांकडे चामडे, रबरी तळ आणि चिकटवण्याच्या सोल्यूशनचे डबे असतात. तालीम-मंडळाच्या घरी गणेशोत्सवाच्या सजावटीचे कापड, थर्माकोल आणि रंग सापडतात. घरगुती खानावळीत १४.२ किलोचे जादा गॅस सिलिंडर ठेवलेले असू शकतात. गॅसचा उल्लेख येथे विशेष करावा लागतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर असले तरी गळालेला गॅस जिन्यावरून उतरून तळघरात साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले तरी ठिणगी पुरते. वास येत असेल आणि आग दिसत नसेल, तर विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये, वाहन तळघराच्या तोंडाशी उभे करू नये आणि वीजपुरवठा खांबावरून किंवा बाहेरच्या मीटरपासून तोडून घ्यावा.

अपार्टमेंटच्या तळघरात आता विजेवर चालणाऱ्या दुचाकी चार्जिंगला लावलेल्या असतात. लिथियम बॅटरीचा पांढरा दाट धूर हा वाफ समजून दुर्लक्षित करू नये. तो विषारी असतो, ज्वलनशील असतो आणि छताखाली साचून स्फोटासारखा पेटू शकतो. अशी बॅटरी विझल्यासारखी दिसली तरी पुन्हा पेट घेते.

३. पोहोचताच: आग तळघरात आहे हे ओळखणे

‘घरात धूर आहे’ एवढीच वर्दी पुष्कळदा मिळते, आणि नियंत्रण कक्षातील व्यक्तीने ‘घराला तळघर आहे का, त्यात उतरायला कुठून जागा आहे’ हे विचारले नसेल तर ते जागेवर विचारावे लागते. जोत्याजवळच्या झरोक्यांतून दाबाने येणारा धूर, फरशीच्या सांध्यांतून किंवा भिंत आणि जमीन यांच्या कडेने निघणारा धूर, सर्व मजल्यांवर धूर असूनही कोठेच ज्वाळा न दिसणे, तळमजल्याच्या जमिनीलगतच्या भिंतीचा रंग फुगणे किंवा काळवंडणे, या खुणा तळघराकडे बोट दाखवतात. आग सापडत नसेल तर ती पायाखाली आहे असे धरून चालावे आणि तळघर नाही याची खात्री होईपर्यंत मधल्या खोलीत जाऊ नये.

इमारतीला चारही बाजूंनी फेरी मारावी, असे प्रशिक्षणात शिकवले जाते. पेठांतील घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असल्यामुळे ते येथे सरळपणे जमत नाही. अशा वेळी एका जवानाने मागच्या बोळातून, दुसऱ्याने शेजारच्या घराच्या माडीवरून किंवा गच्चीवरून पाहावे आणि दोघांनी वॉकीटॉकीवर अधिकाऱ्याला कळवावे. फेरीचा एक ठरावीक उद्देश असतो: तळघराला बाहेरून, त्याच पातळीवर, दार किंवा खिडकी आहे का हे शोधणे. उताराच्या जागेवरील घरांत पुढून तळघर असलेली खोली मागच्या बाजूने सरळ परसात उघडते. असे दार सापडले तर सगळा डावपेच बदलतो, म्हणून फेरीसाठी लागणारी दोन मिनिटे वाया गेली असे समजू नये.

घरातील माणसांना तीन प्रश्न विचारावेत. आत कोणी आहे का आणि शेवटचे कोठे दिसले, खाली काय ठेवले आहे, आणि जमीन कशाची आहे. तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो. ‘खालून वर बघितल्यावर लाकूड दिसते, लोखंड दिसते की स्लॅब’ असे विचारले म्हणजे घरातील आजींनाही उत्तर देता येते.

४. गर्दी आणि वरच्या जमिनीवरचा भार

कोल्हापुरात आग लागली की गल्लीतील तरुण आणि तालमीचे कार्यकर्ते गाडीच्या आधी पोहोचलेले असतात. पुरात आणि अपघातात त्यांची मदत या शहराने नेहमीच घेतली आहे आणि तिचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु तळघर पेटलेले असताना पंधरा-वीस जण वरच्या सोप्यात (घराच्या पुढच्या खोलीत) शिरून कपाटे, तिजोरी, फ्रिज ओढत बाहेर काढू लागतात तेव्हा खालून कमकुवत झालेल्या जमिनीवर एकाच ठिकाणी टनाच्या आसपास हलता भार पडतो. त्यांना आधी बाहेर काढावे, आणि केवळ हाकलून न देता काम द्यावे: गल्लीचे तोंड मोकळे ठेवणे, दुचाकी हलवणे, शेजारची घरे रिकामी करणे, होज (पाण्याचा लवचीक पाइप) ओढायला हात लावणे. महाद्वार रोड किंवा भाऊसिंगजी रोडच्या आतील बोळांत मोठी गाडी जात नाही, तेथे लांब अंतरावरून होज टाकताना ही माणसे फार उपयोगी पडतात.

५. पहिले पाणी कोठून मारावे

तळघराचा जिना आगीच्या दृष्टीने धुराडे असतो. खालची गरम हवा आणि वायू त्यातूनच वर येतात, आणि वरून जिन्याने उतरणारा जवान त्या प्रवाहाच्या तोंडात शिरतो. पोशाखाने संरक्षण मिळते, पण अशा प्रवाहात ते फार काळ पुरत नाही. जिन्याच्या माथ्यावरून मारलेले पाणी अनेकदा आगीपर्यंत पोहोचतही नाही, कारण आग कोपऱ्यात असते आणि धार जिन्याच्या पायथ्याशी अडते.

म्हणून क्रम असा ठेवावा. तळघराच्या पातळीवर बाहेरून दार असेल तर भरलेल्या होजसह त्या दाराशी जावे आणि बाहेर उभे राहूनच आतल्या छताकडे सरळ धार मारावी. दार नसेल पण झरोका किंवा खिडकी असेल तर तिच्यातून तिरकी, वर छताला लागेल अशी सरळ धार सोडावी. छतावर आपटून पाण्याचे थेंब पसरतात, वायू थंड होतात आणि तुळयाही थंड होतात. फवाऱ्याचा मोठा शंकू करून झरोका पूर्ण झाकू नये, कारण धूर बाहेर येण्याची वाट बंद होते आणि वाफ व उष्णता जिन्यातून वर रेटली जाते. एक लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर वाफ होते. ती कोठून बाहेर पडणार याचा विचार न करता पाणी मारल्यास वर असलेले सहकारी भाजतात. झरोक्यातून पाणी सुरू करण्यापूर्वी जिन्यात किंवा वर कोणी नाही, याची वॉकीटॉकीवरून खात्री करून घ्यावी.

बाहेरून पाणी मारल्याने आग ‘ढकलली’ जाते, अशी जुनी समजूत आहे. पूर्ण आकाराच्या घरांत झालेल्या प्रयोगांनी ती टिकलेली नाही. सरळ धारेने छत थंड केल्यास आतील परिस्थिती सुधारते. आग ढकलली गेल्यासारखी वाटते तेव्हा बहुधा कोणीतरी त्याच सुमारास एखादे दार उघडलेले असते.

६. दारे, खिडक्या आणि हवा

बंद तळघरातील आग हवेविना धुमसत असते. दार उघडले की ताजी हवा आत जाते आणि एक-दोन मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर, आग भडकते. धूर जातो आहे हे पाहून नागरिक आनंदाने खिडक्या फोडू लागतात, त्यांना थांबवावे. उघडलेले प्रत्येक दार अधिकाऱ्याला कळवावे, तळघराच्या जिन्याचे दार बंद करता येत असेल तर बंद ठेवावे, आणि भरलेली होज हातात असल्याशिवाय कोणतेही दार उघडू नये. राष्ट्रीय बांधकाम संहितेत तळघरांना क्षेत्रफळाच्या किमान २.५ टक्के इतकी वायुवीजनाची उघडी जागा असावी अशी तरतूद आहे. जुन्या घरांत ती असेलच असे नाही, आणि अपार्टमेंटमध्ये ती पुष्कळदा पत्रा लावून बुजवलेली आढळते.

७. वर जावेच लागले तर

आत माणूस अडकल्याची खात्रीलायक माहिती असेल तर तळघर पेटलेले असतानाही वरच्या जमिनीवर जाण्याचा निर्णय अधिकाऱ्याला घ्यावा लागतो. तो निर्णय अधिकाऱ्याचाच असतो, जवानाने आपल्या उत्साहावर तो घेऊ नये. शक्य असेल तेव्हा खिडकीला शिडी लावून थेट त्या खोलीत जाणे हे सोप्यातून पेटत्या तळघरावरून चालत जाण्यापेक्षा श्रेयस्कर असते.

किमान दोघांनी जावे आणि तितकेच तयार जवान बाहेर थांबावेत. बी.ए. सेटची, म्हणजे हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या श्वसनयंत्राची, वेळ आधी मोजावी. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बारपर्यंत भरलेला असला तर त्यात ढोबळमानाने १८०० लिटर हवा मावते. सुमारे ५५ बारला धोक्याची शिट्टी वाजते. त्याआधीच बाहेर असावे असे धरले तर वापरता येण्याजोगी हवा १५०० लिटरच्या आतच भरते, आणि श्रमाच्या कामात मिनिटाला ७०-७५ लिटर हवा लागते. म्हणजे कागदावर ४५ मिनिटांचा दिसणारा सिलिंडर प्रत्यक्षात वीस मिनिटांचाच असतो, आणि त्यातच परतीचा वेळ येतो. प्रवेशाच्या जागी एकाने फलकावर नाव, दाब आणि आत जाण्याची वेळ लिहावी. हे काम ‘बसून करायचे’ म्हणून नव्या जवानाला दिले जाते; ते त्याने कमी दर्जाचे मानू नये.

आत चालताना भिंतीच्या कडेने चालावे, कारण कड्या आणि तुळया तेथे टेकलेल्या असतात आणि दोन तुळयांमधल्या खणाचा मध्य सर्वांत आधी खचतो. कुजलेल्या टोकांविषयी वर जे लिहिले त्यामुळे हा नियम निर्धोक ठरत नाही, केवळ त्यातल्या त्यात बरा ठरतो. वजन पसरावे म्हणून शिडी आडवी टाकून तिच्यावरून सरकता येते. दोघांनी एकाच खणात शेजारी उभे राहू नये. गुडघ्यांवर असताना मागचा पाय आधी तपासलेल्या जागेवर ठेवून पुढचा पाय चाचपत टाकावा. पहारीने किंवा कुऱ्हाडीच्या दांड्याने जमीन ठोकून पाहावी; जमीन दबली किंवा पोकळ आवाज आला तर मागे फिरावे. मात्र आवाज भरीव आला म्हणजे जमीन मजबूत आहे, असा अर्थ घेऊ नये. भरावाच्या आणि फरशीच्या जमिनीचा आवाज खाली फळी जळून गेल्यानंतरही भरीवच येऊ शकतो.

माघारीच्या खुणा ठरलेल्या असाव्यात: पायाखाली लवचीकपणा जाणवणे, फरशी एका बाजूला कलणे किंवा तिच्यावरचे पाणी अचानक एका जागी वाहू लागणे, टाइल्स तडकण्याचा आवाज, दारे चौकटीत अडकणे, भिंत आणि जमीन यांच्यात फट पडणे, छतातून किंवा जमिनीतून माती गळणे. यांपैकी एकही दिसली तर परवानगीची वाट न पाहता बाहेर यावे आणि बाहेर आल्यावर कळवावे. काहीच खूण न दिसतासुद्धा जमीन जाऊ शकते, म्हणून वेळेची मर्यादा वेगळी पाळावी लागते. तळघरातल्या आगीवर पाणी पडलेले नाही आणि ठरवलेली वेळ संपली, तर शोध अपुरा असला तरी चमूला बाहेर बोलावावे. हा आदेश देणे कठीण असते. ९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवी येथील गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत, इमारतीचा भाग कोसळल्याने, सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अनुभवी अधिकारी दलाने गमावले. ती तळघराची आग नव्हती, पण जुन्या बांधकामाला आग लागल्यावर ते किती वेळ देते याचा अंदाज अनुभवी माणसालाही बांधता येत नाही, हे त्यातून दिसते. कोल्हापूरकरांनी ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाच्या आगीत जुने लाकूडकाम कसे पेटते हे डोळ्यांनी पाहिले आहे.

८. जमीन खचली आणि जवान खाली पडला तर

पडलेल्या जवानाने प्रथम वॉकीटॉकीवर ‘मेडे’ (जीव धोक्यात असल्याची हाक) तीनदा उच्चारून आपले नाव, पडण्याची जागा, जखम आणि उरलेली हवा सांगावी व धोक्याचा भोंगा चालू करावा. मास्क काढू नये. होज हाताशी असेल तर आधी डोक्यावर आणि आजूबाजूला पाणी मारावे, मग पडलेल्या भोकाखालून बाजूला सरकावे, कारण वरचा भराव आणि फरशी आणखी कोसळत राहतात. होजच्या जोडणीची कोणती बाजू बाहेरच्या दिशेला असते हे हातमोजे घालून, डोळे झाकून ओळखण्याचा सराव केंद्राच्या आवारात वारंवार करावा. होज नसेल तर भिंत पकडून झरोक्याचा उजेड शोधावा.

वर राहिलेल्या जोडीदाराने भोकाच्या काठाशी धावत जाऊ नये. त्याच्या पायाखालची जमीनही त्याच तुळईवर आहे. त्याने पालथे पडून, मागे सरकून, चालू होज भोकातून खाली सोडावी. पाणी पडलेल्या माणसाचे रक्षण करते आणि तो होजला धरून राहू शकतो. राखीव चमूने शिडी भोकात उतरवण्याचा किंवा बाहेरच्या दाराने तळघरात शिरण्याचा मार्ग घ्यावा. यातील कोणता मार्ग लवकर आहे हे तिसऱ्या पायरीतील फेरीमुळे आधीच माहीत असते.

९. आग विझल्यानंतर

मोठी ज्वाळा संपली म्हणजे कोसळण्याचा धोका संपला असे नव्हे. माझ्या मते सावधगिरी सर्वांत ढिली पडते ती याच टप्प्यावर. तुळयांची टोके भिंतीत धुमसत राहतात, भिजलेला भराव अधिक जड झालेला असतो, आणि मिनिटाला ४५० लिटर देणारी एक ब्रांच (होजच्या टोकाची तोटी) दहा मिनिटे चालली तर साडेचार टन पाणी घरात गेलेले असते. ते तळघरात उतरले तर विद्युत धोका आणि बुडण्याचा धोका, वर अडून राहिले तर भार. पाणी निघून जाण्याची वाट मोकळी करावी, महावितरणकडून पुरवठा तोडल्याची खात्री करावी आणि खाली उतरण्यापूर्वी छताची पाहणी झरोक्यातून टॉर्च मारून करावी. कोसळण्याची शक्यता असलेल्या खणाखाली जाऊन निखारे उकरू नयेत. बाहेरून पाणी मारत राहावे. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वास नसतो, त्यामुळे वायुमापकाने सुरक्षित पातळी दाखवेपर्यंत तळघरात बी.ए. सेट काढू नये.

घरमालक सोने, कागदपत्रे, मुलांची पुस्तके आणण्यासाठी आत जाऊ द्या अशी विनंती करतात आणि ती नाकारताना वाईट वाटते. वस्तू नेमकी कोठे आहे हे विचारून, जमीन सुरक्षित असेल त्या भागातूनच जवानाने ती आणून द्यावी, अन्यथा महापालिकेच्या अभियंत्याने पाहणी करेपर्यंत घराला दोरी बांधून पहारा ठेवावा. त्या रात्री किमान एकदा परत येऊन तुळयांची टोके तपासावीत.

केंद्रावर परतल्यावर पोशाख आणि मास्क धुवावेत, सिलिंडर भरून ठेवावेत, आणि त्या पत्त्यावर कोणत्या प्रकारची जमीन होती, तळघराला बाहेरून वाट कोठून होती, आत काय साठवलेले होते, जमीन कोणत्या ठिकाणी आधी खचली, याची नोंद विभागाच्या नोंदवहीत गल्लीच्या नावासह करावी. एकाच काळात बांधलेली शेजारची घरे बहुधा तशाच जमिनीची असतात, आणि त्याच गल्लीतून पुढची वर्दी येईल तेव्हा ड्युटीवर दुसरी पाळी असेल.